आईच्या केअर होमचे आठ महिने आणि डायपरचा हिशेब

मार्चच्या दुसऱ्या रविवारी आईला कुशीवर वळवताना तिच्या माकडहाडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा लाल चट्टा दिसला. अंगठ्याने दाबून सोडला. एरवी कातडी दाबली की क्षणभर पांढुरकी होते आणि मग रंग परत येतो. हा चट्टा लालच्या लाल राहिला. बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी. सासूबाईंचं शेवटचं वर्ष घरी काढल्यामुळे मला ते ओळखता आलं, आणि पायातलं बळच गेलं. त्या दिवसापर्यंत मी या जागेचं ज्याला त्याला कौतुक सांगत होते.

आई ७९ वर्षांची. स्ट्रोकनंतर उजवी बाजू गेली आणि बोलणंही. समजतं सगळं, सांगता येत नाही. कोथरूडला घरी ब्युरोच्या बायका ठेवून दीड वर्ष काढलं. कोण कधी दांडी मारेल याचा नेम नव्हता आणि माझी नोकरी अकाउंट्सची, महिनाअखेर चुकत नाही. दिवाळीनंतर तिला सिंहगड रस्त्याच्या बाजूला तीसेक खाटांच्या एका केअर होममध्ये ठेवलं. दोघींची खोली, महिना ३८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, दोन महिन्यांचं डिपॉझिट. डायपर, औषधं, फिजिओ वेगळं. धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात महिन्याचा आकार २५,००० रुपयांच्या आत असेल तर जीएसटी लागत नाही, पण अंथरुणाला खिळलेलं माणूस घ्यायला तशा जागा सहसा तयार होत नाहीत. जागा हवेशीर, लिफ्ट मोठी, जेवण घरच्यासारखं. हे तुम्हाला पहिल्या भेटीत दिसेलच.

तिथे डायपर बिलात ६५ रुपयांना एक लागतो. मी सदाशिव पेठेतल्या होलसेल मेडिकलमधून ४०ला आणते, दहाचा पुडा ४००. दर रविवारी पुडे नेऊन कपाटात ठेवायचे आणि किती उरलेत ते डायरीत लिहायचं. डिसेंबरात बारा पुडे लागले, जानेवारीत दहा, फेब्रुवारीत आठ. मी खूश. मॅनेजर मॅडमना म्हटलंसुद्धा, "तुमच्याकडे नासाडी होत नाही हो, घरी बायका वाटेल तसे वापरायच्या." त्या हसल्या. मला महिन्याचे सोळाशे रुपये वाचल्याचा आनंद होता.

त्या रविवारी रात्री ती डायरी पुन्हा उघडली. फेब्रुवारीचे २८ दिवस, ८० डायपर. म्हणजे दिवसाला तीनसुद्धा नाहीत. दिवसा दोन-तीन बदललेले मी स्वतः पाहिले होते. मग रात्री? रात्री नऊला घातलेला डायपर सकाळी सातला निघत होता. दहा तास ओल्यात, एकाच अंगावर. ओलीने कातडी भिजून मऊ होते, वरून हाडाचा दाब, आणि खालचा रक्तपुरवठा तुटतो. वाचलेले सोळाशे रुपये आईच्या पाठीवर उमटले होते. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

सोमवारी अर्धी रजा टाकून गेले आणि कूस बदलल्याचा चार्ट मागितला. दर दोन तासांच्या घरात बरोबरची खूण, महिनाभर, एकच पेन, एकच तिरका झोक. एका गुरुवारी मी आईला न्यूरोच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, साडेअकरापासून चारपर्यंत आई तिथे नव्हतीच. त्या दिवशीच्या दुपारी १२ आणि २च्या घरातही खूण होती. मी त्या दोन घरांवर बोट ठेवलं. मॅडम पहिल्यांदा "स्टाफ नवीन आहे" म्हणाल्या, मग गप्प झाल्या, आणि मग खरं सांगितलं: जानेवारीत रात्रीच्या एक मावशी सोडून गेल्या, बदली मिळाली नाही, मजल्यावर सोळा पेशंटना रात्री एकच बाई. मला वाटलं त्यापेक्षा जास्त आवाज चढला माझा. महिन्याचे ४५ हजारांच्या घरात पैसे घेता आणि रात्र एका बाईच्या जिवावर सोडता? ज्येष्ठांसाठीची सरकारी एल्डरलाइन आहे, १४५६७, तो नंबर वहीवर लिहून ठेवला होता. लावायची वेळ आली नाही.

त्याच आठवड्यात पौड रोड आणि बाणेरच्या बाजूच्या दोन जागा पाहिल्या. लॉबी चकाचक. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला, रात्री दोन वाजता या मजल्यावर किती माणसं असतात? एकीकडे "सिस्टर ऑन कॉल असतात" एवढंच उत्तर. दुसरीकडे ब्रोशर हातात दिलं.

आईला हलवलं नाही. एक तर दहा दिवसांत इथे रात्रीच्या दुसऱ्या मावशी आल्या, आणि चार्टवर आता बदलणारीची सही असते, वेळ खरी लिहिलेली, २.२०, ४.३५ अशी वेडीवाकडी. मला ती वेडीवाकडी वेळ फार बरी वाटते. दुसरं कारण दुपारच्या मावशी. त्यांच्याबद्दल खाली लिहिते.

चट्टा तीन आठवड्यांत गेला. कूस दोन तासांनी, पाठीमागे उशी, टाचा अधांतरी, आणि एअर बेड. एअर बेडचं मात्र एक सांगते. त्याची मोटर विजेवर चालते आणि आळीपाळीने कप्प्यांत हवा भरते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे आपल्या अंगवळणी पडलंय. इथल्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे होते, भिंतीवरचे प्लग नव्हते. एका गुरुवारी दुपारी गेले तर गादीतली हवा उतरलेली आणि आई खालच्या फळीला टेकलेली. अकरा हजारांचा एअर बेड आणि तीन तास फळी! इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात आईच्या कॉटजवळचा प्लग इन्व्हर्टरवर घेतला. पैसे मी दिले नाहीत, आणि देणार नाही असं आधीच सांगितलं.

इथपर्यंत आल्यावर मला वाटायला लागलं होतं की डायपर मोजले की सगळं कळतं. एप्रिलमध्ये ते खोटं ठरलं. पुडे बरोबर बारा लागत होते. पण आई दिवसभर पेंगायला लागली, मला पाहून नजर दुसरीकडेच. ताप नाही. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, इन्फेक्शन निघालं. म्हाताऱ्या माणसांत ते कधी कधी असं गोंधळलेपणातूनच दिसतं. रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर तिचं पाणी बंद केलेलं होतं. कुणी हुकूम दिला नव्हता, "आजींना ओल्यात झोपायला नको" म्हणून एका मावशींनी चांगल्या मनाने केलेलं. डायपर वेळेवर बदलले जात होते, पण हलके असायचे. ते माझ्या डायरीत कुठे दिसणार? या वयात तहानही कमी लागते, आणि आईला तर मागताही येत नाही. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून दाट करायची पावडर घालून द्यावं लागतं, त्याचा कंटाळा होताच. आता कॉटजवळ स्टीलचा एक पेला ठेवलाय, रात्री आठपर्यंत सात पेले, प्रत्येकाची नोंद. मी गेले की आधी लघवीचा रंग विचारते. नवीन सिस्टरना सुरुवातीला विचित्र वाटलं, आता त्याच आधी सांगतात.

दुपारच्या मावशी. साडेबाराला बहुतेक पेशंटना भरवून मोकळं करतात, दहा मिनिटांत ताट रिकामं. या मावशींनी फेब्रुवारीतच आईच्या डाव्या हातात चमचा दिला. मऊ वरणभात, वर तूप, ताट घसरू नये म्हणून खाली ओला नॅपकिन. आई चमचा उचलते, निम्मं सांडतं, तोंडाशी नेते, थांबते, गिळते. मावशी शेजारी स्टुलावर बसून असतात, हात मांडीवर. चाळीस मिनिटं. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुमचा वेळ जातो हो." तर म्हणाल्या, "आजीलाबी घाई न्हाई, मलाबी न्हाई." दीड वर्ष घरी मी आईला भरवत होते, आणि तिचा डावा हात धड आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटचा घास स्वतः घेतल्यावर आई चमचा ताटावर दोनदा वाजवते. झालं, असं सांगते.

डिपॉझिट परतीची अट, दवाखान्यात नेण्याचा खर्च हे करारात नीट वाचा, इथे तरी त्यात काही खोट निघाली नाही. जागा बघायला मात्र त्यांनी दिलेल्या अकरा ते पाचच्या वेळेत जाऊ नका. सकाळी सातला जा, पहिला डायपर निघण्याआधी. कितीही नाही म्हणोत, दारात उभं राहा. वास आणि चादर पाहून रात्र कशी गेली ते कळतं.

पाचपैकी साडेतीन स्टार. मार्चमध्ये एक दिला असता. अर्धा कापला तो खोट्या खुणांचा, एक रात्रीच्या माणसांचा, तो अजून देत नाही, कारण मेमध्ये दोन रात्री पुन्हा एकच मावशी होत्या आणि ते मला विचारल्यावर कळलं, आपणहून कुणी सांगितलं नाही.

जूनमध्ये बारा पुडे आणि वर चार नग लागले. काल सदाशिव पेठेतून पंधरा पुडे आणून ठेवलेत.