मेक्सिकन लॉन, 14 महिन्यांनंतर: गवत चांगलं, माती नडली

आज सकाळी पुन्हा दीड तास लॉनमधलं लव्हाळा नावाचं तण खणत बसले होते. लॉन लावून देणाऱ्या कंत्राटदाराला फोन केला, तर म्हणाला, "ताई, पावसात तण येणारच." तण येतं हे मलाही कळतं. पण हे वाऱ्यावर आलेलं नाही, त्याने टाकलेल्या मातीतून आलंय, आणि त्या मातीचे पैसे मी मोजलेत.

पुण्यात धायरीला घरापुढे 600 चौरस फूट लॉन गेल्या जूनमध्ये लावलं. लाल माती, शेणखत, गवताचे तुकडे, मजुरी सगळं धरून 38 रुपये फुटाने 22,800 झाले. गवताबद्दल काडीची तक्रार नाही. महिना-दीड महिन्यात सगळं एकजीव झालं, आणि अनवाणी चालताना अजूनही बरं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात मधूनमधून उंच, चकचकीत पाती दिसायला लागली. शेजारच्या काकांनी एक दांडी उपटून बोटांत फिरवायला दिली. तिधारी लागली. लव्हाळाच, म्हणजे नागरमोथा. वरून ओढला की पाती हातात येतात, गाठ खालीच राहते. त्या गाठीला दोऱ्यासारख्या मुळाने दुसरी गाठ, दुसरीला तिसरी, आणि मागे राहिलेली प्रत्येक गाठ पुन्हा फुटते. लॉन कापलं की दोन दिवसांत हाच सगळ्यांच्या वर डोकं काढतो. माझा भाऊ कोल्हापूरकडे ऊस करतो. उसातल्या लव्हाळ्यावर ते हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारतात, तेच मार म्हणाला. पण या गवतावर नात रांगते, मी नाही मारलं. पाऊस पडून गेला की माती मऊ असते, तेव्हा जुना स्क्रू-ड्रायव्हर वीतभर खोल घालून गाठींची माळ अख्खी काढते. त्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे त्या मजेत जगतात.

एक मात्र खरं सांगायला हवं. रागाच्या भरात सहा महिने मी त्या कंत्राटदाराबद्दल चांगलं काहीच बोलले नव्हते. पण त्याने काढलेला उतार उत्तम आहे. जोत्यापासून फाटकापर्यंत 30 फुटांत साडेतीन इंच. धो धो पावसातही अर्ध्या तासात पाणी ओसरतं, भिंतीला ओल नाही. शेजारी सपाट लॉन केलेल्यांच्या गवताची मुळं कुजली.

पाण्याबद्दल माझं मत या एप्रिलमध्ये बदललं. 600 चौरस फुटांवर अर्धा इंच पाणी म्हणजे जवळजवळ 700 लिटर, आणि उन्हाळ्यात तेही दिवसाआड. टँकरवर जगणाऱ्या भागात हे मला पटेना. जूनमध्ये 350 फूट काढून टाकलं. आंब्याखाली ऊनच नसल्यामुळे गवत तसंही विरळ झालं होतं, तिथे शहाबादी फरशीचे तुकडे आणि नेचे लावले. उरलेल्या 250 फुटांना तेवढंच पाणी द्यायला 300 लिटरही लागत नाहीत. पहिल्यांदाच एवढं लावलं असतं तर निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते.

तुम्ही लावणार असाल तर माती आली की लगेच गवत अंथरू देऊ नका, मजूर कितीही घाई करोत. माती पसरून, पाणी मारून तीन आठवडे थांबा. लव्हाळा असेल तर वर येतो, तेव्हा मोकळ्या मातीतून गाठींसकट काढता येतो. एकदा वर गालिचा बसला की प्रत्येक गाठीसाठी गवत फाडावं लागतं.

मागच्या अंगणासाठी दुसरीकडून अर्धा ब्रास माती आणली आहे. 11 दिवस झाले, पसरून ठेवली आहे. काल संध्याकाळी तिच्यात तीन कोंब दिसले. उपटून बोटांत फिरवले, तिन्ही तिधारी.