पोरगं परदेशात, मन थाऱ्यावर नाही: तिथंच उपचार की गावी?

गेल्या हिवाळ्यात रात्री अकराला भाच्याचा इंग्लंडहून व्हिडिओ कॉल आला. तिथं संध्याकाळचे साडेपाच. मागे टेबलावर खरकटं ताट, अंगात दोन दिवसांपूर्वीचंच स्वेटर. "मामा, काई करावंसंच वाटत नाई." ताई लगेच म्हणाली, "तिकीट काढ अन् ये घरी."

मी तिला थांबवलं. आमच्या यवतमाळकडची पोरं आता बाहेर शिकतात, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याने व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरलेला असतो, २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड. जीपीकडे, म्हणजे तिथल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवलं की तपासणी फुकट. समुपदेशनाला जीपीची चिठ्ठीही लागत नाही, टॉकिंग थेरपीज या सरकारी समुपदेशन सेवेकडे स्वतः अर्ज करता येतो. दुभाषीही मागता येतो. खोट एकच, थांबावं लागतं. शंभरातल्या ७५ जणांचे उपचार सहा आठवड्यांत सुरू व्हावेत, हे तिथलं उद्दिष्ट. एकट्या खोलीत सहा आठवडे फार होतात. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मात्र वाट बघायची नाही: १११ लावून २ दाबायचं.

ऑस्ट्रेलियात मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेतल्या, मानसोपचाराच्या वर्षाला १० सवलतीच्या भेटी आपल्या विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. तिथं विद्यापीठाचा समुपदेशक आधी गाठावा आणि विम्याचा कागद नीट वाचावा.

आता गाव. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर त्याच दिवशी भेटू शकतो, गोळ्या मोफत मिळतात, १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला रात्रीही मराठीत बोलता येतं. पण शेजारच्या काकांना आम्ही एका सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा दोन मिनिटांत चिठ्ठी अन् पुढची तारीख हातात पडली. मनातलं ऐकायला कोणी नव्हतं. त्यात गावातले विचारणार, "नापास झाला का?"

तरी गावाकडे एक गोष्ट आहे जी लंडनला नाही. भाचा म्हणाला, "डोक्यात भुंगा लागलाय, हे इंग्रजीत कसं सांगू?" अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्यावर काम केलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे शंभरात ४ होते ते २७ झाले. आपल्या बोलीत ऐकणारा माणूस दारात आला की लोक बोलतात, हे मला त्यातून पटलं.

म्हणून माझं मत: पोरगं जेवतंय, कोणाशी तरी बोलतंय, तर उपचार तिथंच सुरू करा आणि रोज ठरल्या वेळी फोन लावा. जेवण सुटलं, खोलीचं दार बंद राहू लागलं, तर घरी आणा. पण तिकिटाआधी विद्यापीठाला विचारा, मधे शिक्षण थांबवलं तर व्हिसावर परिणाम होतो. येताना जीपीचं पत्र अन् गोळ्यांची नावं सोबत हवीत. इथला डॉक्टर ते बघेपर्यंत एकही गोळी मनाने बंद करायची नाही.