अपक्ष उभे राहणाऱ्यांसाठी: आमच्या स्टँडमागच्या प्रेसचा अनुभव

नगरपरिषदेला आमच्या वहिनी अपक्ष उभ्या होत्या आणि छपाईचं सगळं माझ्याकडे होतं, म्हणून आमच्या एसटी स्टँडच्या मागे जी जुनी ऑफसेट प्रेस आहे तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. अपक्षाला कसली प्रेस लागते हे पक्षवाल्यांना विचारून कळणार नाही. त्यांचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं पाठ असतं, पत्रकं ते दिवाळीतच छापून मोकळे होतात. अपक्षाचं तसं नाही. 2025 च्या नगरपरिषदेला अर्जाची मुदत संपली 17 नोव्हेंबरला, माघार 21 ला, आणि आमच्या हातात चिन्ह पडलं 26 नोव्हेंबरला. मतदान 2 डिसेंबरला, प्रचार 1 तारखेला रात्री 10 ला बंद. म्हणजे कोणालाच माहीत नसलेलं चिन्ह सगळ्या प्रभागाच्या घराघरात पोचवायला जेमतेम सहा दिवस, त्यातच छपाई, घडी घालणं, वाटणं सगळं आलं.

या प्रेसवाल्या काकांना हे गणित पक्कं माहीत आहे आणि माझ्या मते पाचातले साडेचार स्टार त्याचेच. अर्ज छाननीत टिकल्या टिकल्या त्यांनी मजकूर मागून घेतला. फोटो, वहिनींचं काम, नळाच्या पाण्याचा आणि बाजारतळाच्या गटारीचा मुद्दा, सगळं त्यांच्या सूनबाईंनी कॉम्प्युटरवर लावून ठेवलं आणि चिन्हाचा चौकोन मोकळा सोडला. अर्जात चिन्हाचे पसंतीक्रम दिलेले असतात, तर त्या तिन्ही चिन्हांची चित्रं टाकून तीन प्रती तयारच ठेवल्या होत्या बाईंनी! एकच चिन्ह दोघातिघांनी मागितलं की चिठ्ठी टाकतात, आपल्याला कुठलं येईल सांगता येत नाही. आम्हाला कपबशी मिळाली, मी तिथूनच फोन केला आणि संध्याकाळी पहिला गठ्ठा घरी आला.

कपबशीच्या चित्राचं मुद्दाम सांगतो. आमच्या पोरांनी मोबाईलवरून एक छान रंगीत कपबशी शोधून आणलेली, वाफ येतेय, बाजूला बिस्कीट वगैरे. काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, "मशीनवर जे चित्र असणार तेच कागदावर पाहिजे. म्हातारी बाई नाव वाचत नाही, ती चित्र शोधते." मग आयोगाच्या यादीतलं काळ्या रेघांचं साधं चित्र घेतलं आणि तळहाताएवढं मोठं छापलं, वहिनींचा फोटो त्याच्यापेक्षा लहान. घरात यावरून थोडी कुरबुर झाली पण मला शंभर टक्के पटलं, कारण मतपत्रिकेवर पक्षांची नावं आधी आणि अपक्ष सगळ्यात खाली, तिथवर मतदाराची नजर न्यायची तर चित्रच कामाला येतं.

नमुना मतपत्रिकेचंही तसंच. आमच्याकडे मतदाराला तीन मतं द्यायची होती, नगराध्यक्षाला एक आणि प्रभागातल्या अ आणि ब जागेला एकेक. वहिनी ब जागेवर. लोकांना वाटतं एक बटण दाबलं की झालं. काकांनी नमुन्यावर तिन्ही जागा दाखवून फक्त ब मध्ये अनुक्रमांक, नाव आणि कपबशी ठळक केली, बाकी रांगा कोऱ्या, आणि खऱ्या मतपत्रिकेसारखा रंग आकार चालणार नाही म्हणून पिवळा कागद वापरला. मतदानाच्या दिवशी टेबलावर वाटायच्या स्लिपा वेगळ्या, साध्या पांढऱ्या कागदावर, त्यावर ना नाव ना चिन्ह, तो आचारसंहितेचा नियमच आहे, पण पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला हे सांगतं कोण? मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या प्रत्येक कागदाच्या तळाशी न विचारता छापलेली होती. हे नसेल तर तक्रार करायला समोरचे टपलेलेच असतात.

बिलाच्या बाबतीत तर मी त्यांचे आभारच मानतो. क वर्ग म्हणजे लहान गावाच्या नगरपरिषदेत सदस्याला खर्चाची मर्यादा अडीच लाखांची, आम्ही त्याच्या जवळपासही जाणार नव्हतो, पण हिशोब द्यावाच लागतो. निकालानंतर 30 दिवसांत खर्च सादर केला नाही तर पुढची निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात, किती अपक्ष हरल्यावर नाराजीत घरी बसतात आणि नेमके इथेच अडकतात. काकांनी प्रत्येक कामाचं वेगळं बिल दिलं, तारीख, प्रती, कागद, दर सगळं लिहून, आणि निवडणूक कार्यालयाची दरसूची त्यांच्याकडे भिंतीलाच लावलेली, त्यामुळे मेळ घालताना मला त्रास झाला नाही.

आता जे पटलं नाही ते. फ्लेक्स ते स्वतः करत नाहीत, तालुक्याच्या गावाहून करून आणतात. आमचा एक दिवस उशिरा आला, रंग फिके होते आणि कडेला रिंगा कमी, वाऱ्याने एका बाजूने फाटलाच. सहा दिवसांत एक दिवस जाणं म्हणजे काय ते उभं राहिलेल्यालाच कळेल. दुसरं म्हणजे मजकूर व्हॉट्सअपवर पाठवला तर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये घेताना जोडाक्षरं तुटतात, "कार्यकर्त्या" चं काहीतरी भलतंच झालं होतं, म्हणून प्रूफ स्वतः शेजारी बसून वाचा, फोनवर ओके देऊ नका. उधारी अजिबात नाही, निम्मे पैसे आधी. काहींना हे कडक वाटेल, मला योग्य वाटलं, कारण त्याच आठवड्यात त्यांच्याकडे पक्षाची मोठी ऑर्डर आली होती आणि तरी आमचा नंबर मागे ढकलला नाही. ज्याची ऑर्डर आधी त्याचं काम आधी, एवढंच म्हणाले. ताकदवान माणसं दुकानात येऊन बसलेली असताना हे पाळणं सोपं नसतं, मी समोर उभा राहून पाहिलंय.

वहिनी निवडून आल्या नाहीत. मतमोजणी 3 ऐवजी 21 डिसेंबरला गेल्यामुळे वाटही बरीच पाहिली. पण दारोदारी फिरताना "कपबशीवाल्या ताई ना?" असं बायका आपणहून विचारायला लागल्या होत्या, आणि त्यात या प्रेसचा वाटा मोठा आहे असं मी मनापासून मानतो.

कोणाला ग्रामपंचायतीला किंवा जिल्हा परिषदेला अपक्ष म्हणून उभं राहायचं असेल (ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्ह नसतंच) तर छाननी झाली की लगेच जाऊन भेटा, चिन्ह मिळायची वाट बघू नका. दुपारी दोन ते चार बंद असतं. पत्रकं, नमुना मतपत्रिका, स्लिपा डोळे झाकून त्यांच्याकडे द्या, फ्लेक्स मात्र दुसरीकडे करा, आणि बिलाच्या दोन प्रती मागून घ्या.