जमिनीवर नजर ठेवणारं रडार: जुन्या मोठ्या विमानात बसवावं की नव्या छोट्या जेटमध्ये?

भाचा गेल्या महिन्यात गंगापूर रोडला आमच्याकडे दोन दिवस राहून गेला. त्याच्या गटाला एक प्रस्ताव लिहायचा आहे. आकाशातून जमिनीवरची वाहनं, रणगाडे, ताफे टिपणाऱ्या विमानांचं आधुनिकीकरण करायचं, तर नवं रडार बसवायचं कशात? हाताशी असलेल्या जुन्या मोठ्या विमानात, नव्या बिझनेस जेटमध्ये, की ड्रोनमध्ये? जेवताना त्याने विचारलं, "मामा, तुम्ही यातूनच गेलात ना? तुम्ही काय म्हणाल?" मी लगेच उत्तर दिलं नाही. याच प्रश्नापाशी अडलेले आणखीही काहीजण असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुढे डॉप्लर हा शब्द येईल. वस्तू हलत असली की तिच्यावरून परतलेल्या रडारलहरीची वारंवारता थोडी बदलते, तो बदल म्हणजे डॉप्लर.

आधी माझी बाजू. साधारण बावीस वर्षांपूर्वी एका रडारच्या हवाई चाचण्यांसाठी विमान निवडायचं होतं. समितीत मी सर्वांत कनिष्ठ, पण वायरिंगचं काम माझ्याकडे येणार होतं म्हणून माझंही मत घेतलं गेलं. एकीकडे दोन मालकांच्या हाताखालून आलेलं जुनं प्रवासी विमान, दुसरीकडे लहानसं नवं जेट. मी जुन्याच्या बाजूने सही केली. पुढे निवृत्तीआधीची चार वर्षं छोट्या जेटवरही काम केलं. म्हणजे दोन्हींची पॅनलं मी स्वतःच्या हातांनी उघडली आहेत.

जुन्या मोठ्या विमानाचा मोह का पडतो, ते मला चांगलं समजतं. जागा असते, वीज असते, आणि पोटाखाली लांब अँटेना मावते. जमिनीवरच्या हलत्या वस्तू टिपताना ही लांबी फार मोलाची. विमान स्वतः वेगात असल्यामुळे स्थिर जमिनीचा प्रतिध्वनीही डॉप्लरमध्ये पसरतो, आणि सावकाश चालणारं वाहन त्या पसाऱ्यात बुडून जातं. अँटेना जितकी लांब, तितका हा पसारा अरुंद. अमेरिकेच्या ई-८सी जॉइंट स्टार्स या टेहळणी विमानाची सगळी ताकद यातच होती. बोइंग ७०७ च्या पोटाखाली लांब होडीसारखं आवरण आणि त्यात २४ फुटी अँटेना. १९९१ च्या आखाती युद्धात तर या प्रकारची दोन विमानं विकासाच्या अवस्थेत असतानाच पाठवली गेली आणि त्यांनी इराकी ताफ्यांच्या हालचाली रात्रीही दाखवल्या. आत अठरा माणसं पडद्यांसमोर बसत. हवेतलं एक अख्खं कार्यालयच म्हणा ना.

पण ती ७०७ विमानं कोरी नव्हती. वेगवेगळ्या मालकांकडून जुनी घेतलेली, लुइझियानातल्या लेक चार्ल्सला उघडून पुन्हा उभी केलेली. इंजिनं जुनी राहिली. नवी इंजिनं बसवून २००८ मध्ये उड्डाणही झालं, तरी ताफ्यापर्यंत ती पोहोचली नाहीत. २००९ मध्ये कतारहून निघालेल्या एका ई-८सीची टाकी हवेत इंधन भरताना फुटली. देखभालीच्या वेळी टाकीच्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवा बाहेर जाण्याच्या वाटेत, चाचणीचं एक बूच राहून गेलं होतं. विमान सुखरूप उतरलं, नुकसान मात्र कोट्यवधी डॉलरचं झालं. ज्यांनी जुन्या विमानाची मोठी ओव्हरहॉल पाहिली आहे, त्यांना ते बूच कसं राहिलं असेल हे वेगळं सांगायला नको. इतकं उघडावं लागतं की बंद करताना काहीतरी निसटतंच.

आता ज्या एका त्रासाने माझं मत कायमचं बदललं, त्याकडे येतो.

आमचं रडार बसलं आणि पहिली काही उड्डाणं सिन्नर-निफाड पट्ट्यावर झाली. हा पट्टा रडारवाल्याला फार शिकवतो. द्राक्षबागांचे लोखंडी अँगल आणि तारा एका दिशेने पाहिल्या तर चकाकतात, दिशा थोडी बदलली की विझतात. तेवढं आम्हाला अपेक्षित होतं. पण पडद्यावर दुसरंच काही दिसू लागलं. जिथे जिथे मोठी पत्र्याची शेड होती, तिथे तिथे दोन हलत्या वस्तू. एक आमच्याकडे येणारी, एक दूर जाणारी. दोघींचा वेग सारखाच, ताशी २१ ते २२ किलोमीटर. पहिल्या दिवशी वाटलं, ट्रॅक्टर असतील, कांद्याचा हंगाम आहे. दुसऱ्या उड्डाणालाही तेच. तिसऱ्याला रविवार होता, तरी ट्रॅक्टर तेवढेच.

गणित पाच मिनिटांत झालं. विमानातला वीजपुरवठा ४०० हर्ट्झचा. आमच्या रडारची तरंगलांबी सुमारे तीन सेंटिमीटर. त्या तरंगलांबीला ४०० हर्ट्झचा डॉप्लर म्हणजे सेकंदाला सहा मीटर, ताशी साडेएकवीस किलोमीटर. विमानाची वीज रडारच्या सिग्नलमध्ये शिरत होती, आणि जिथे प्रतिध्वनी जोरकस तिथे तिची सावली दोन्ही अंगांना उमटत होती. कारण कळलं. ती वीज कुठून शिरते हे शोधायला मात्र चार महिने लागले.

चार महिने का, तर ड्रॉइंगमध्ये एक आणि विमानात दुसरंच. आधीच्या मालकांनी आपापल्या सोयीने केलेली मॉडिफिकेशन्स, त्यांतली निम्मी कागदावर, निम्मी नाहीत. एका लूममध्ये, म्हणजे तारांच्या जुडीत, ड्रॉइंगप्रमाणे चौदा तारा हव्यात, हातात यायच्या एकोणीस. उरलेल्या पाच कुठे जातात हे पाहायला पॅनल उघडा, त्यामागचं इन्सुलेशन काढा, ते हातात भुगा होऊन येतं. कनेक्टरवरचे नंबर पुसलेले. तारांचं इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला तर काही तारांचं आवरण इतकं कडक झालेलं की वाकवलं की तडकायचं. म्हणजे तपासायला हात लावला तरी नवा दोष. शेवटी मागच्या बाजूला, काढून टाकलेल्या पँट्रीच्या भिंतीआड, एक बॉन्डिंगचा स्टड, म्हणजे तारा विमानाच्या धातूच्या सांगाड्याला जोडायचा खिळा, सापडला. पँट्री गेली होती, तिच्या तारा तशाच ठेवल्या होत्या, आणि एका पंपाचा परतीचा प्रवाह त्या वाटेने आमच्या रडारच्या रॅकच्या अर्थिंगवर येत होता. स्टड साफ केला, ती तार कापून टोक बंद केलं. त्या संध्याकाळच्या उड्डाणात निफाडच्या शेडवरचे ट्रॅक्टर नाहीसे झाले.

त्या दिवशी मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण मनात एकच हिशेब घोळत राहिला. चार महिन्यांत रडारवर आम्ही काहीच काम केलं नव्हतं. सगळा वेळ कुणातरी अनोळखी माणसाने पंधरा वर्षांपूर्वी घाईत केलेल्या कामामागे गेला होता.

छोट्या जेटवर आलो तेव्हा पहिल्या आठवड्यातच फरक जाणवला. ड्रॉइंगमध्ये जी तार, तीच विमानात, त्याच रंगाची, त्याच नंबरची. ज्याने जुनं उघडलेलं नाही त्याला यात विशेष वाटणार नाही. मला मात्र रात्री नीट झोप लागू लागली. अडचणी इथेही आल्या. पोटाखालचं आवरण आणि धावपट्टी यांच्यात जागा कमी, त्यामुळे अँटेनाची उंची-लांबी आधी विमान ठरवतं, मग तुम्ही. वीज आणि थंडाव्याचं अंदाजपत्रक पहिल्याच दिवशी संपतं. पाच वर्षांनी आणखी एक रॅक टाकायची म्हटलं तर काहीतरी बाहेर काढावं लागतं. आत माणसं थोडी. ब्रिटनच्या सेंटिनेलमध्ये दोन वैमानिक आणि तीन ऑपरेटर मिळून पाचच असत. बॉम्बार्डिए ग्लोबल एक्सप्रेसवर उभी केलेली अशी पाच विमानं त्यांच्याकडे होती. अफगाणिस्तान, लिबिया, माली इथे त्यांनी नाव कमावलं. तरीही २००८ च्या सुमारास सेवेत आलेली ही विमानं २०२१ मध्येच निवृत्त झाली. छोटं जेट घेतलं की आधुनिकीकरणाची चिंता मिटली, असं म्हणूनच मी म्हणणार नाही.

छोट्या जेटचा एक गुण मात्र आपल्या भूगोलात फार उपयोगी पडतो, तो म्हणजे उंची. अंजनेरीसारखा पायथ्यापासून सहाशे मीटर उंच डोंगर धरा आणि विमान दीडशे किलोमीटर दूर धरा. विमान दहा किलोमीटर उंचीवर असेल तर डोंगरामागे सुमारे साडेनऊ किलोमीटरची पट्टी रडारला दिसत नाही. तेच चौदा किलोमीटरवर असेल तर पावणेसात. पृथ्वीची गोलाई धरली तर दोन्ही आकडे थोडे वाढतात, आणि त्यांतला फरकही थोडा वाढतो. ई-८सीची कमाल मर्यादा ४२ हजार फूट, ग्लोबल घराण्यातली जेट ५१ हजारांपर्यंत जातात. सह्याद्रीत साडेनऊ आणि पावणेसात यांच्यामध्ये अख्खी घाटवाट लपते. हिमालयात काय होत असेल याची कल्पना करा. लांब अँटेनाचा जो फायदा जुन्या विमानाकडे होता, तोही आता पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही. अँटेनाचे अनेक भाग वेगवेगळे ऐकून जमिनीचा प्रतिध्वनी वजा करण्याचं गणित आज छोट्या संगणकात बसतं.

अमेरिकेने स्वतःही हाच रस्ता धरून पाहिला होता. ई-८सीच्या जागी नवं विमान घेण्याच्या स्पर्धेत गल्फस्ट्रीम आणि बॉम्बार्डिए जेटवरचे प्रस्ताव होते, ७३७ वरचाही होता. २०१८ मध्ये त्यांच्या हवाई दलाने ही योजनाच गुंडाळायचं ठरवलं. मोठ्या शत्रूसमोर असं विमान टिकणार नाही, नजर एका विमानाऐवजी अनेक सेन्सरांच्या जाळ्यातून ठेवू, असा विचार त्यामागे होता. शेवटचं ई-८सी नोव्हेंबर २०२३ मध्ये निवृत्त झालं. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो जुन्या-नव्या दोन्हींना लागू आहे.

ड्रोनबद्दल थोडक्यात. नाटोची पाच आरक्यू-४डी विमानं सिसिलीतल्या सिगोनेलाहून उडतात आणि तीस तासांच्या वर हवेत राहतात. माणूस धोक्यात नाही, थकत नाही. पण सगळा डोलारा डेटालिंकवर, म्हणजे जमिनीशी असलेल्या रेडिओ जोडणीवर, उभा, आणि २०१९ मध्ये होर्मुझजवळ इराणने याच घराण्यातलं अमेरिकन विमान पाडलं. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला आहेच. त्यांना त्यांचं काम करू द्यावं. मला विचाराल तर ज्याला ट्रॅक्टर आणि ४०० हर्ट्झ यांतला फरक जागच्या जागी कळतो, असा एक माणूस तरी पडद्यासमोर हवा.

आता जुन्याच्या बाजूने एक गोष्ट, न्याय म्हणून. नाशिकजवळच्या आमच्या ओझरच्या एचएएल कारखान्यानेच जुन्या विमानात नवं रडार बसवून दाखवलं आहे. मिग-२१ बायसनमध्ये नवं कोप्यो रडार आलं, सव्वाशे विमानं आधुनिक झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ ने निरोप घेईपर्यंत ती उडत राहिली. ते जमलं, कारण ही विमानं कुठून आली आणि कुणी हाताळली हे ठाऊक होतं. जन्मापासूनची ड्रॉइंग हाताशी होती. दोन-तीन एअरलाइन्सच्या हातून आलेल्या विमानाचं तसं नसतं.

आणि ११ जानेवारी १९९९ ही तारीख आमच्या पिढीतला कुणी विसरत नाही. अरक्कोणमजवळ पाठीवर रोटोडोम, म्हणजे रडारची फिरती तबकडी, घेतलेलं चाचणीचं अव्रो विमान कोसळलं आणि आठ जण गेले. आकाशातली टेहळणी हा त्याचा विषय, जमिनीवरची नव्हे. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा निवड झाली एम्ब्रेअरच्या छोट्या जेटची. त्यातून नेत्र हे हवाई टेहळणीचं विमान उभं राहिलं आणि २०१७ मध्ये हवाई दलाकडे आलं. अपघाताची कारणं वेगळी, विमानं वेगळी, त्यामुळे यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण निवड करताना ते आठ जण माझ्या डोळ्यांसमोर असतात, हे लपवणार नाही.

निघताना भाच्याने विचारलं, "मग जुन्या विमानाचा रकाना काढूनच टाकू का?" नको म्हटलं. घराणं एक असेल, ड्रॉइंग पूर्ण असतील आणि अँटेना खरोखरच फार लांब हवी असेल तर तो पर्याय जिवंत आहे. फक्त त्या रकान्याखाली एक अट लिही म्हटलं: विमान पाहायला जाल त्या दिवशी इंजिनाचे तास नंतर विचारा, आधी पँट्रीमागचं पॅनल उघडायला सांगा, आणि लूममधल्या तारा ड्रॉइंग हातात घेऊन स्वतः मोजा.