वायरिंग हार्नेस पत्र्यावर कशाने धरावी: फर-ट्री, ॲरोहेड, एज क्लिप की स्टड?

वाहनातील वायरिंग हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा, पत्र्याला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप वजनाने एक-दोन ग्रॅमची असते आणि तिचा विचार बहुतेक वेळा रचनेच्या शेवटच्या टप्प्यात होतो. तोपर्यंत पत्र्याच्या डाय (पत्रा घडवण्याचे साचे) तयार झालेल्या असतात, भोकांच्या जागा व मापे ठरलेली असतात, आणि मग त्या भोकात जी बसेल ती क्लिप घेण्यावाचून पर्याय उरत नाही. चाकण, भोसरी किंवा वाळूज येथे हार्नेस, बॉडी किंवा इंजेक्शन मोल्डिंगचे काम करणाऱ्या ज्या डिझायनरच्या हातात भोकाचे ड्रॉइंग अजून बदलण्याजोगे आहे, त्याच्यासाठी ही तुलना मांडली आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. क्लिपची निवड कॅटलॉग उघडून करू नये, ती पत्र्यापासून सुरू करावी. त्या ठिकाणी पत्र्याचे थर किती, जाडीत फरक किती पडू शकतो, मागे मोकळी जागा किती, पाणी पोहोचते का आणि भोक पाडताना पंच कोणत्या बाजूने आला, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळून पडतात.

फर-ट्री आणि ॲरोहेड

गोल किंवा लंबगोल भोकात अंगठ्याने दाबून बसवायच्या क्लिपांमध्ये खरी स्पर्धा या दोन प्रकारांची आहे. फर-ट्री क्लिपच्या मधल्या दांड्यावर तिरक्या, पातळ पात्यांच्या अनेक ओळी असतात. भोकातून जाताना ही पाती मागे झुकतात, आणि पत्र्याच्या पलीकडे गेलेली शेवटची ओळ उघडून पत्र्याला अडते. कोणती ओळ अडेल हे जाडीवर अवलंबून असल्यामुळे एकच क्लिप साधारण पाऊण मिलिमीटरपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या जाडीला चालते. भोकाच्या मापातील थोडी तफावतही पाती सामावून घेतात, ६.५ मिमीचे नाममात्र भोक रंगाच्या थरांमुळे किंचित लहान झाले किंवा पंच झिजल्याने त्याचे माप सरकले, तरी क्लिप बसते. पलीकडून बंद असलेल्या खोल भोकात किंवा जाड प्लॅस्टिक पॅनलमध्ये तर फर-ट्रीला जवळपास पर्यायच नाही.

ॲरोहेडमध्ये दोन लवचिक पंख असतात. ते भोकातून जाताना आत दाबले जातात आणि पलीकडे गेल्यावर उघडून एका ठरावीक उंचीवर पत्र्याला अडतात, तर अलीकडच्या बाजूला छत्रीसारखी पातळ चकती पत्र्यावर ताणून बसते. पंख आणि चकती यांच्यामधले अंतर ठरलेले असते आणि जाडीतला फरक चकतीच्या लवचिकतेतूनच भरून काढायचा असतो. त्यामुळे एका क्लिपची जाडीची मर्यादा अरुंद राहते, उदाहरणार्थ ०.७ ते १.५ मिमी. बॉडीचा साधा आतला पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमीचा असतो, तिथे ही मर्यादा पुरेशी आहे. मात्र जिथे ०.७ मिमीच्या पत्र्यामागे १.२ मिमीचे रीइन्फोर्समेंट (बळकटीचा जादा पत्रा) स्पॉट वेल्डने जोडलेले असते, तिथे एकूण जाडी १.९ मिमी होते आणि तीच ॲरोहेड पलीकडे उघडतच नाही. बाहेरून ती बसल्यासारखी दिसते आणि वाहन रस्त्यावर आल्यावर निखळते, म्हणून हा दोष विशेष धोकादायक आहे.

एवढ्यावरून फर-ट्री सरस वाटेल, परंतु तिच्या दोन उणिवा गंभीर आहेत. पहिली म्हणजे पात्यांच्या दोन ओळींमधले अंतर. अडलेली ओळ आणि पत्रा यांच्यात जवळपास एका ओळीइतकी फट राहू शकते, आणि तेवढी क्लिप हलते. दरवाज्याच्या आत किंवा डॅशबोर्डमागे, जिथे ग्राहकाच्या कानाला खडखड लगेच जाणवते, तिथे ही फट चकती किंवा फोमच्या वॉशरने दाबून धरणे भाग पडते. दुसरी उणीव अशी की फर-ट्री बसल्याचा स्पष्ट खटका जाणवत नाही. एकामागून एक ओळ घासत जाते आणि शेवटची ओळ पलीकडे गेली की नाही हे हाताला निश्चित समजत नाही. डॅशबोर्डखाली हात वर करून, न पाहता क्लिप बसवणाऱ्या कामगाराला ॲरोहेडचा एकच स्वच्छ खटका मोठा आधार असतो. लाइनवर तपासणीची जी साखळी आपण उभी करतो, तिची पहिली कडी त्याच्या बोटांची जाणीव हीच आहे, आणि माझ्या दृष्टीने पातळ, एकथरी पत्र्यावर ॲरोहेड निवडण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

बसवण्याचा जोर आणि ओढून निघण्याचा जोर यांचे गुणोत्तरही ॲरोहेडमध्ये डिझायनरच्या अधिक ताब्यात असते, कारण ते मुख्यतः पंखाच्या दोन कोनांवर ठरते. घर्षणांक ०.३ धरला आणि आत जाणाऱ्या बाजूचा कोन ३० अंश ठेवला, तर पंख वाकवायला जेवढा जोर लागतो जवळपास तेवढाच जोर ढकलताना लागतो. उलट बाजूचा कोन ४५ अंश असेल तर ओढून काढायला त्याच्या पावणेदोन पट, ६० अंश असेल तर चौपट जोर लागतो. आणि सुमारे ७३ अंशांच्या पुढे केवळ ओढून क्लिप निघतच नाही, पंख तुटावाच लागतो. म्हणून सर्व्हिसमध्ये जी क्लिप काढावी लागणार आहे तिचा उलट कोन ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावा, आणि जी कधीच काढायची नाही तिचाच कोन काटकोनाकडे न्यावा. फर-ट्रीची पाती काढताना उलटी वळतात किंवा फाटतात, त्यामुळे पुन्हा बसवल्यावर तिची पकड पहिल्यासारखी राहत नाही. गॅरेजमध्ये ती नवीनच घालावी, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले असावे.

प्राथमिक आराखड्यासाठी मी बसवण्याचा जोर ५० न्यूटनच्या आत आणि ओढून निघण्याचा जोर १०० न्यूटनच्या वर धरतो. अंतिम आकडे अर्थातच त्या वाहन-उत्पादकाच्या मानकातून घ्यावेत. पकड वाढवण्यासाठी पंख जाड करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पंखाच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात जोर वाढतो. १ मिमीचा पंख १.२ मिमी केला की तो वाकवायला सुमारे ७३ टक्के अधिक जोर लागतो आणि मुळाशी पडणारा ताणही २० टक्क्यांनी वाढतो. ८ मिमी लांब, १ मिमी जाड पंख टोकाला १ मिमी वाकला तर मुळाशी सुमारे २.३ टक्के ताण (स्ट्रेन) येतो, जो नायलॉनला सहज झेपतो. पकड हवी असेल तर जाडीऐवजी कोन आणि लांबी यांच्याकडे पाहावे, आणि पंखाच्या मुळाशी गोलाई द्यायला विसरू नये.

भोकाविषयी दोन गोष्टी दोन्ही प्रकारांना सारख्याच लागू आहेत. पंच ज्या बाजूने आत शिरतो त्या बाजूची कड किंचित गोल होते आणि पलीकडे बर (धातूची बाहेर आलेली धारदार कड) येते. क्लिप पंचाच्याच दिशेने आत जाईल अशी योजना केली, तर ती सहज शिरते आणि पंख बरच्या धारदार कडेला अडून पकड वाढते; उलट दिशेने बसवली तर बर पात्यांना खरवडते. दुसरी गोष्ट फिरण्याची. गोल भोकात क्लिप स्वतःभोवती फिरते, आणि हार्नेसची दिशा महत्त्वाची असेल, उदाहरणार्थ सरकत्या सीटच्या रुळाजवळ, तर ६.२ × १२.२ मिमीसारखे लंबगोल भोक घ्यावे. हार्नेस ही नरम वस्तू आहे. तिच्यावरील क्लिपची जागा हार्नेस बांधण्याच्या बोर्डवर पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे होते, तर पत्र्यावरचे भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अचूक असते. त्यामुळे एका फांदीवरची एकच क्लिप संदर्भ म्हणून घट्ट ठेवावी आणि पुढच्या क्लिपांसाठी हार्नेसमध्ये थोडा ढिलेपणा ठेवावा. सगळ्याच क्लिपा घट्ट ठेवल्या तर कामगार हार्नेस ओढून बसवतो आणि तो ताण वर्षानुवर्षे कनेक्टरच्या टर्मिनलवर राहतो.

भोक नको असेल तेव्हा

एज क्लिप पत्र्याच्या कडेवर चढवली जाते. तिच्या आत दात असलेली स्प्रिंग स्टीलची पट्टी असते आणि १ ते ३ किंवा ३ ते ६ मिमी अशा जाडीच्या टप्प्यांत ती मिळते. भोकच लागत नाही, म्हणून डाय तयार झाल्यानंतर मार्ग बदलावा लागला तर हीच क्लिप कामाला येते. परंतु तिचे दात रंग आणि ईडी कोटिंग (रंगाखालचा गंजरोधक थर) खरवडून पत्र्यात रुततात, आणि क्लिप कडेवरून सरकूही शकते. कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या वाहनाच्या खालच्या भागात हा ओरखडा म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रण आहे. केबिनच्या आत, कोरड्या जागी ती वापरण्यास माझी हरकत नाही. चाकाजवळ किंवा अंडरबॉडीला मी ती घेणार नाही.

वेल्ड स्टडवर (पत्र्याला वेल्ड केलेल्या आट्यांच्या खुंटीवर) ढकलून बसवायची क्लिप सर्वांत भक्कम. ५ मिमीच्या जाड आट्यांच्या किंवा एम ६ स्टडवर ती अंगठ्याने बसते, काढायची असेल तर फिरवून निघते, आणि पत्र्याला भोक नसल्याने पाणी व आवाज आत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डॅश पॅनलच्या (केबिन व इंजिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) इंजिनकडील बाजूसाठी हा गुण फार मोलाचा आहे. खर्च मात्र क्लिपचा नसून बॉडी शॉपमधल्या प्रत्येक स्टडचा असतो, आणि अंडरबॉडी पीव्हीसीचा फवारा आट्यांत भरला तर क्लिपची पकड बदलते. भोकच घ्यायचे ठरले आणि जागा ओली असेल, तर फोम वॉशर किंवा मऊ रबरी कडा असलेली क्लिप घ्यावी. उच्च विद्युतदाबाच्या (हाय व्होल्टेज) नारिंगी केबल्सचे वजन व ताठरपणा पाहता तिथे अंगठ्याने बसणाऱ्या फर-ट्रीचा विचार करू नये; स्टड किंवा बोल्टने आवळलेला क्लॅम्पच योग्य.

हार्नेसकडची बाजू: टेप की टाय

क्लिपची दुसरी बाजू हार्नेसला कशी धरते, हा निर्णय तुलनेने सोपा आहे. टाय (आवळून बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) असलेली क्लिप बोर्डवर झटपट बसते, परंतु जुडगा मऊ असेल तर ती लांबीच्या दिशेने सरकते किंवा फिरते, टाय आवळणाऱ्या गनने जास्त आवळले तर इन्सुलेशन दबते, आणि कापलेले टोक धारदार राहिले तर कामगाराच्या हाताला व शेजारच्या वायरला इजा होते. टेपने गुंडाळायची, पट्टीसारखी लांब पाठ असलेली क्लिप जागा अधिक नीट राखते आणि जुडग्याचा व्यास बदलला तरी चालते; तिला वेळ जास्त लागतो, आणि तिची उष्णता सोसण्याची मर्यादा टेपवरून ठरते. साधी पीव्हीसी टेप १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास संपते, कापडी पॉलिएस्टर टेप १२५ व त्यापुढे जाते. मार्गाची दिशा नेमकी ठेवायची असेल तिथे टेप, आणि वेग महत्त्वाचा असेल तिथे टाय, असा माझा कल आहे.

साहित्य

या क्लिपांचे मुख्य साहित्य पीए ६६ नायलॉन आहे, आणि त्याला स्पर्धा पीओएम (ॲसिटल) या प्लॅस्टिकची. त्यांच्यातला निर्णायक फरक पाण्याचा आहे. पीए ६६ साधारण २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत सुमारे २.५ टक्के पाणी शोषते आणि पूर्ण संपृक्त झाल्यावर ८ टक्क्यांच्या पुढे जाते. मोल्डमधून नुकतेच निघालेले कोरडे नायलॉन ताठ आणि काहीसे ठिसूळ असते; पाणी शोषल्यावर त्याचा ताठरपणा जवळपास निम्म्यावर येतो आणि चिवटपणा वाढतो. याचा प्रत्यक्ष अर्थ असा, की तीच क्लिप मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या गोदामात उघडी राहिली तर बसवायला कठीण जाते आणि पंख तुटतात, आणि पावसाळ्यात तीच सहज बसते पण तितक्याच सहजपणे निघण्याचीही शक्यता वाढते. म्हणून पीए ६६ निवडताना कंडिशनिंग (क्लिपला ठरावीक ओलावा देणे) आणि बंद पिशवीतील पॅकिंग हा ड्रॉइंगचाच भाग मानावा. पुरवठादाराच्या मर्जीवर ते सोडू नये.

पीओएम ५० टक्के आर्द्रतेत ०.२ टक्क्यांच्या आसपासच पाणी घेते, त्यामुळे त्याचे माप व जोर ऋतूंनुसार फारसे बदलत नाहीत. ते निसरडे आहे आणि वाकवल्यावर पूर्ववत होण्याचा त्याचा गुण उत्तम आहे. वारंवार काढाव्या लागणाऱ्या ॲरोहेडसाठी मला तेच अधिक पटते. परंतु ते सुमारे १६५ ते १७५ अंशांना वितळते, तर पीए ६६ सुमारे २६० अंशांना. आम्लापुढे ते टिकत नाही आणि खाचेपाशी चटकन तडकते. बॅटरीच्या आसपास म्हणूनच ते नको. इंजिनच्या बाजूला उष्णता-स्थिर केलेले पीए ६६, जे सतत १०५ अंशांपर्यंत चालते, आणि त्याहून तापणाऱ्या जागी पीए ४६ हे अधिक उष्णता सोसणारे नायलॉन घ्यावे. साधे पीए ६६ मात्र ८५ अंशांपुढे नेऊ नये. पॉलिप्रोपिलीन स्वस्त, हलके आणि आम्लाला दाद न देणारे आहे, पण सततच्या ताणाखाली ते हळूहळू सैल पडते. पकड टिकवणाऱ्या पंखासाठी मी ते सुचवणार नाही. जस्ताचा लेप असलेल्या पत्र्याशी खारे पाणी साचून जिंक क्लोराइड तयार होते आणि ताणाखालील पीए ६६ ला त्याने तडे जातात, हेही अंडरबॉडीची क्लिप ठरवताना लक्षात घ्यावे. तिथे पीए १२ हे नायलॉन महाग पडले तरी योग्य ठरते.

दोन पर्याय शेवटपर्यंत शिल्लक राहिले तर पुरवठादाराचा चाचणी-अहवाल बारकाईने वाचावा. बरेचसे अहवाल स्वच्छ, रंग न दिलेल्या, नेमक्या मापाच्या पोलादी प्लेटवर केलेले असतात. आपण मागावे ते रंगवलेल्या प्रत्यक्ष पत्र्यावरचे आकडे: सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड थरावर, भोकाच्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या मापात, कोरड्या आणि कंडिशन केलेल्या क्लिपा घेऊन. बसवण्याचा जोर जाड पत्रा, लहान भोक आणि कोरड्या नायलॉनला मोजावा. ओढून निघण्याचा जोर पातळ पत्रा, मोठे भोक, ओले नायलॉन आणि तापवून जुन्या केलेल्या क्लिपला मोजावा. ज्या पुरवठादाराकडे हे दोन आकडे वेगवेगळे नोंदवलेले आहेत, त्याची क्लिप थोडी महाग असली तरी मी तीच घेईन.