आयटीएस२ की कॉक्स१? खेकड्यातल्या पॅरागोनिमससाठी आधी काय करावं

मणिपूर-अरुणाचलकडच्या डोंगरी ओढ्यांतले खेकडे कुटून, पेप्सिनमध्ये पचवून, गाळून त्यांतल्या पॅरागोनिमस या फुप्फुसकृमीच्या सिस्ट (कवचातल्या अळ्या) वेचून झाल्या आहेत. पैसे मात्र एकाच मार्करपुरते, म्हणजे जात ओळखायला वाचायच्या एकाच डीएनए-तुकड्यापुरते आहेत: पेशीकेंद्रातला आयटीएस२ किंवा मायटोकॉन्ड्रियातला कॉक्स१. अशा पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय. दोन्ही मार्कर मी वापरले आहेत.

एका सिस्टमधून डीएनए निघतो तो जेमतेम. तरी आयटीएस२च्या प्रती जीनोममध्ये भरपूर असल्याने ३एस-ए२८ हे प्रायमर (तुकड्याच्या प्रती काढायला लागणारे छोटे डीएनए-धागे) सहसा दगा देत नाहीत. पॅरागोनिमसची जात हेटरोट्रीमस की वेस्टरमनी एवढंच ठरवायचं असेल तर हा मार्कर पुरे. ईशान्येत माणसांना त्रास देणारा मुख्यतः हेटरोट्रीमस. टीबी समजून औषधं चालू असलेल्या रुग्णाच्या थुंकीत अंडी सापडली, तर ती कोणाची हे कळण्यापलीकडे डॉक्टरांना फारसं काही नको असतं.

माझं आयटीएस२शी बिनसलं ते क्रोमॅटोग्राममुळे, म्हणजे डीएनएची अक्षरं शिखरांनी दाखवणाऱ्या आलेखामुळे. शिखरं सरळ, स्वच्छ चाललेली असतात आणि मध्येच एका जागी सी आणि टी एकमेकांवर चढून बसलेले, उंचीही जवळपास सारखीच. सॉफ्टवेअर तिथे ‘वाय’ (सी किंवा टी) लिहून मोकळं होतं. आपण काय समजायचं? एकाच कृमीतल्या प्रती वेगवेगळ्या आहेत, हा संकर आहे, की नळीत दोन सिस्ट गेल्या? क्लोनिंग (एकेक प्रत वेगळी करून वाचणं) केल्याशिवाय छडा लागत नाही, आणि क्लोनिंगचा खर्च परवडत असता तर एकाच मार्करवर भागवायची वेळच आली नसती.

कॉक्स१मध्ये ही कटकट मला जवळजवळ आली नाही. जनुक मायटोकॉन्ड्रियातलं, त्यामुळे एका सिस्टला एक हॅप्लोटाइप, म्हणजे अक्षरांचा एकच क्रम. जेबी३-जेबी४.५ हे प्रायमर लावल्यावर बँड कधी कधी फिका येतो, ॲनिलिंगचं (प्रायमर चिकटण्याचं) तापमान खालीवर करून बघावं लागतं. ते मी चालवून घेतो. कारण विविधता खरी दिसते ती इथेच. केर्बर्टने १८७८मध्ये वेस्टरमनीचं वर्णन केलं ते युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुप्फुसातल्या कृमींवरून. म्हणजे नावावर पहिला हक्क आपल्याकडच्या कृमींचा. कॉक्स१वर जपान, कोरिया, चीनचे नमुने एकमेकांना धरून बसतात आणि भारत-श्रीलंकेचे त्यांच्यापासून चांगलेच लांब पडतात. या सगळ्यांना एकच जात म्हणावं का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. थायलंडच्या कांचनबुरीतल्या खेकड्यांवरून २००७मध्ये वर्णन झालेला स्यूडोहेटरोट्रीमसही आयटीएस२वर हेटरोट्रीमसपासून जेमतेम वेगळा निघतो.

संकराची शंका असेल तर मात्र कॉक्स१ एकट्याने उपयोगाचा नाही, बापाची बाजू त्यात येतच नाही. तेवढ्यासाठी शंकास्पद नमुन्यांचा उरलेला डीएनए उणे वीसला जपून ठेवा. पुढे पैसे आले की त्यांचा आयटीएस२ करता येईल. आणि मार्कर कुठलाही घ्या, नळीत सिस्ट एकच टाका. एका खेकड्यात दोन जाती नांदत असू शकतात.