नियमावर चालणारं ऑर्डरचं सॉफ्टवेअर : बेदाण्याच्या डॉलरसाठी वापरून पाहिलं

सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. कौतुक आणि तक्रारी दोन्ही लिहायच्या आहेत, आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही. त्याचं काम एवढंच: डॉलर-रुपयाच्या फ्युचरच्या (पुढच्या महिन्याच्या डॉलरचा भाव आजच पक्का करणारा एक्स्चेंजवरचा सौदा) ऑर्डरी आपण आधी लिहून ठेवलेल्या नियमांप्रमाणे टाकायच्या, बदलायच्या, रद्द करायच्या. आमचा माल पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यातला, द्राक्ष आणि बेदाणा. हिशेबाचं ऑफिस नाशकात द्वारकेजवळ, तिथे मी बसतो. बिल डॉलरमध्ये होतं, पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात. मजुरी, पेट्या, कोल्ड स्टोरेज मात्र रुपयांत आणि लगेच.

हे घ्यायला २०२५चा द्राक्ष हंगाम कारणीभूत. फेब्रुवारीत डॉलर ८७.९५ पर्यंत चढला होता. आमचे नाना म्हणाले, "नव्वद होऊ दे, मग विकू." मार्चअखेर तो साडेपंच्याऐंशीच्याही खाली. अठ्ठावीस हजार डॉलरच्या एका बिलामागे जवळपास सत्तर हजारांचा फरक. (नव्वद झाला म्हणा, पण डिसेंबरात. तोवर हंगामाचे पैसे येऊन खर्चून ऑक्टोबर छाटणीही उरकली होती.)

आता नियम कसा चालतो ते. एक लॉट एक हजार डॉलरचा, भाव पाव पैशाने हलतो, म्हणजे एका हालचालीला लॉटमागे अडीच रुपये. समजा २८,४०० डॉलरचं बिल झालं. २८ लॉट बसतात, वरचे ४०० डॉलर तसेच उघडे राहतात. त्यातले १० लॉट बिलाच्या दिवशीच विकायचे, भाव काहीही असो. उरलेल्या १८ साठी जोडऑर्डर. फ्युचर ८८.७० ला असेल तर वर ८९.१० ला विक्रीची लिमिट (भाव तिथवर चढला की विक) आणि खाली ८८.४० ला विक्रीचा स्टॉप (तिथवर उतरला की विक). एक लागली की दुसरी आपोआप रद्द. दोन्ही लागल्या नाहीत तर पैसे यायच्या ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी जे शिल्लक असेल ते चालू भावाला. या शेवटच्या अटीसाठीच मी पैसे मोजतो. बाकी सगळं माणूस हातानेही करेल, पण "आजचा दिवस थांबू" हे वाक्य आमच्या ऑफिसात या अटीमुळेच बंद झालं. नियम बदलला तरी तो दुसऱ्या दिवशी सकाळपासून लागू होतो. नियम बदलायला सांगणारे नानांचे सकाळी अकराचे फोन त्यामुळे निम्म्याने कमी झाले.

सोबत मिळणारे तयार साचे मात्र आमच्या काही कामाचे निघाले नाहीत. ते सगळे सट्टा खेळणाऱ्यासाठी: आधी घे, मग नफ्यात विक, नाहीतर स्टॉप लॉसला बाहेर पड. निर्यातदाराला बाहेर पडायचंच नसतं, त्याला टप्प्याटप्प्याने विकून बसायचं असतं. चार्टकडे न बघता बिलाकडे बघून नियम लिहा, म्हणजे जमतं.

सगळ्यात मोठा दोष अर्धवट सौद्यात सापडला. वरच्या १८ लॉटपैकी ७ विकले गेले आणि भाव मागे फिरला. सॉफ्टवेअरने मूळ सेटिंगप्रमाणे खालचा स्टॉप अख्खा काढून टाकला. म्हणजे ११ लॉटना खालून काही आधारच नाही! मोबाईलवर 'रद्द' असा मेसेज आला म्हणून कळलं. नोंदवहीत सेकंदासकट सगळं दिसतं, ही त्यातली चांगली बाजू. सपोर्टवाल्यांनी दोन दिवसांनी सांगितलं की 'संख्येशी जोडा' असा एक पर्याय तीन पडदे आत आहे. तो लावल्यापासून वरचे ७ गेले की खाली आपोआप ११ उरतात. हा पर्याय मुळातच चालू असायला हवा होता, असं माझं ठाम मत.

दुसरी भानगड स्टॉपची. ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) ८८.४० आणि लिमिट (त्याहून खाली विकायचं नाही) ८८.३८ ठेवली, आणि सकाळी नऊला बाजारच ८८.२५ ला उघडला, तर ऑर्डर जागी होते पण कुणी घेत नाही, नुसती लटकते. त्यावर नियम लिहिता येतो: दोन मिनिटांत सौदा झाला नाही तर लिमिट समोरच्या बोलीपर्यंत खाली आण. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दिवशी हा नियम हवाच.

सुट्ट्यांची यादी त्यांनी शेअर बाजाराची उचलली होती. १ एप्रिलला शेअर बाजार चालू असतो, पण बँकांच्या वार्षिक हिशेबामुळे चलनबाजार बंद. एक्सपायरीही (फ्युचर संपण्याची वेळ) महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, दुपारी साडेबाराला. यादी चुकली की रोलओव्हरची (संपणारा सौदा पुढच्या महिन्यात नेण्याची) तारीखही चुकते. आम्ही यादी स्वतःची भरली.

बाजार नियामक सेबीच्या फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकानंतर अशा ऑर्डरींवर ओळखक्रमांक लागतो आणि त्या ठरलेल्या आयपी पत्त्यावरूनच (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) जाव्या लागतात. आमच्या ब्रॉडबँडचा पत्ता वरचेवर बदलतो, म्हणून महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घ्यावा लागला. हा खर्च विकणारा आधी सांगत नाही. सर्व्हर बाहेर असल्याने ऑफिसची लाईट गेली तरी काम चालू राहतं, एवढं समाधान.

आणि आता रोकड. डॉलर चढला की विकलेल्या फ्युचरवर रोजच्या रोज पैसे कापले जातात. २८ लॉटवर एक रुपया चढला की २८ हजार खात्यातून जातात, बिलाचे वाढीव पैसे मात्र दीड महिन्याने येणार. २०२५च्या उत्तरार्धात डॉलर चढतच होता, त्यामुळे नाना रोज विचारत, "हे यंत्र आपल्याला कमवून देतंय की बुडवतंय?" खरं उत्तर असं की त्या काळात नियम नसते तर जास्त मिळालं असतं. पण भाव पक्का झाल्याने गवंडगावच्या शेतकऱ्याला माल घेतानाच आकडा देता आला. मार्जिन (ब्रोकरकडे ठेवलेली अनामत) ठरलेल्या रकमेखाली गेलं की नवी ऑर्डर थांबव आणि फोन कर, हा नियम पहिल्याच दिवशी लिहा. ब्रोकर वाट बघत नाही.

कॉलेज रोडवरचा एक ओळखीचा विचारत होता, टेलिग्रामवर फॉरेक्सचा रोबो विकतात तो हाच का? नाही. ते परदेशी प्लॅटफॉर्म वेगळे. अशा अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर आहे, पैसे भरण्याआधी ती बघावी. आणि आपल्या एक्स्चेंजवरही मे २०२४ पासून खरा व्यवहार पाठीशी असल्याशिवाय चलनाचे सौदे करता येत नाहीत. त्यानंतर गर्दीही बरीच ओसरली. डॉलरच्या जवळच्या महिन्याच्या फ्युचरमध्ये सौदे सहज होतात, युरोत घेणाऱ्याची बोली आणि विकणाऱ्याची मागणी यांत एवढं अंतर असतं की नियम कितीही हुशार लिहा, ते अंतर आपल्याच खिशातून जातं.

म्हणून नूतनीकरण केलंय ते फक्त डॉलरपुरतं. युरोची बिलं बँकेच्या फॉरवर्डवरच (पुढच्या तारखेचा भाव थेट बँकेशी ठरवायचा) ठेवली आहेत. वर्षाला दोन-चारच कंटेनर जात असतील तर डॉलरसाठीही बँकेचा फॉरवर्ड पुरे, सर्व्हरचं भाडं निघणार नाही.